लोकसंख्येचे मनोरे दाखवणारी वेबसाईट : साताऱ्यात बारावीच्या वर्गात वर्षभर वापरून काय वाटलं

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. बारावीच्या पुस्तकाची सुरुवातच लोकसंख्येपासून होते, त्यात लोकसंख्या मनोरा येतो, मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली लहान पोरं आणि वर म्हातारी माणसं. पोरं तीन प्रकार पाठ करतात, विस्तारणारा, संकोचणारा, स्थिर, पेपरात आकृती काढतात आणि विसरतात. यंदा मी ठरवलं की फळ्यावर काढायचाच नाही, खरे मनोरे दाखवायचे, आणि त्यासाठी पॉप्युलेशनपिरॅमिड डॉट नेट ही वेबसाईट वर्षभर वापरली. ओळखीतले बरेच शिक्षक विचारतात कशी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी निकाल सांगते. पाचपैकी साडेचार. पैसे नाहीत, आकडे संयुक्त राष्ट्रांचे, १९५० पासून २१०० पर्यंत कुठलंही वर्ष आणि जवळजवळ कुठलाही देश निवडता येतो. राहिलेला अर्धा स्टार तुमच्या स्वतःच्या कष्टासाठी ठेवलाय, ते खाली येईलच.

पहिल्या दिवशी मी एक चूक टाळली, ती तुम्हीही टाळा. भारत आधी लावू नका. भारत लावला की पोरं म्हणतात हा, पुस्तकातल्यासारखाच आहे, आणि विषय संपतो. एकटा मनोरा काही बोलतच नाही, दुसरा शेजारी ठेवला की बोलायला लागतो. मी दोन टॅब उघडले, एकात नायजर आणि दुसऱ्यात जपान. नायजरचा खालचा पाया एवढा रुंद की वरची टोपी दिसतच नाही, तिथं निम्मी लोकसंख्या साधारण पंधरा वर्षांच्या आतली आहे. जपानचा मनोरा म्हणजे पाणी भरायची कळशी कशी वर फुगलेली आणि बुडाला निमुळती असते तसा, तिथं मधलं वय, म्हणजे निम्मी माणसं ज्याहून लहान आणि निम्मी मोठी ते वय, एकोणपन्नासच्या आसपास. भारत दोघांच्या मधे, अठ्ठावीसच्या आसपास. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला मॅडम, म्हणजे नायजरमधल्या निम्म्या माणसांपेक्षा आम्ही वयानं मोठे. बरोबर, आणि हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मग कतार लावला. वर्गात एकदम शांतता आणि मग एक मुलगी, मॅडम बायका कुठं गेल्या? तिथं दर चार माणसांत जवळजवळ तीन पुरुष आहेत, पंचवीस ते चाळीसच्या वयात डावीकडं एवढं मोठं पोट बाहेर आलंय की आकृती मोडल्यासारखी वाटते, उजवीकडं बारीक. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं हे पुरुष कुठून आले असतील, आणि त्यांच्या गावाचा मनोरा कसा दिसत असेल ते काढा बघू वहीत. तो तास मला अजून आठवतो कारण दहा मिनिटात पोरं कतार सोडून आपल्याकडं आली, कुणी म्हणालं आमच्या गावासारखा उलटा, कुणी म्हणालं चुलता मुंबईला आहे, विट्याकडून आलेली एक मुलगी म्हणाली आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर पांगलीत, गावात यात्रेलाच दिसतात.

चीनमधे १९५९ ते १९६१ चा भयंकर दुष्काळ झाला, त्या वर्षांत जन्मलेल्यांची पट्टी आजही आखूड दिसते, माणसं म्हातारी होत गेली तशी ती खाच एकेक पायरी वर सरकत गेली. वर्ष बदलत जा आणि ती खाच चढताना बघा, पोरांना हे फार आवडतं. रशियात साठी-सत्तरीच्या वर बायकांची बाजू पुरुषांच्या कितीतरी पुढं. जुन्या वर्षांत बघितलं तर ते दुसऱ्या महायुद्धात मेलेले पुरुष, आत्ताच्या वर्षात बघितलं तर युद्धातली पिढी जवळजवळ संपली तरी फरक आहे, कारण तिथले पुरुष बायकांपेक्षा बरेच आधी मरतात. म्हणजे दिसायला तेच चित्र आणि कारण वेगळं.

एक गोष्ट मात्र या मनोऱ्यात दिसत नाही आणि ती का दिसत नाही ते शिकवायला फार उपयोगी आहे. जपानमधे १९६६ हे त्यांच्या पंचांगातलं अग्नी-अश्वाचं साल होतं, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला अपशकुनी असा समज, त्यामुळं त्या एका वर्षात जन्म साधारण चौथाईनं घटले आणि पुढच्या वर्षी परत वाढले. आपल्याकडं मंगळ असलेल्या मुलीचं जे करतात तेच, पण अख्ख्या देशानं एकदम केलेलं. ही खाच वेबसाईटवर शोधली तर सापडत नाही कारण प्रत्येक पट्टी पाच वर्षांची आहे, १९६५ ते ६९ एकत्र धरले की आजूबाजूची वर्षं तिला भरून काढतात. पण आपल्याकडं हाच पाच वर्षांचा गट उपयोगाचा. आपल्या जनगणनेचे एकेका वर्षाच्या वयाचे आकडे बघितले तर ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६० या वयांवर माणसांचे उंच खांब आणि मधल्या वयांवर खड्डे. एकोणचाळीस वर्षांचं कुणी नाहीच असं वाटावं, कारण वय विचारलं की आपण शून्य नाहीतर पाचावरच सांगतो. गटात घातलं की ते बरंच सपाट होतं.

आता साताऱ्याचं. ही वेबसाईट देश दाखवते, जिल्हे नाही, आणि तिचं ते कामही नाही. जिल्ह्याचा मनोरा आपला आपण काढायचा, त्यासाठी जनगणनेचे तक्ते आहेत, सी-१४ मधे पाच-पाच वर्षांचे गट आणि सी-१३ मधे एकेक वर्ष, स्त्री-पुरुष वेगळे, गाव-शहर वेगळं, जिल्ह्यापर्यंत, एक्सेलमधे फुकट. तक्त्याचा नंबर माहीत असला की काम सोपं आहे.

या विषयावर मला एवढं तळमळून का लिहावंसं वाटलं ते सांगते. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया. महाराष्ट्राचा आकडा ९२९, देशाचा ९४३. हा ९८८ मी कितीतरी भाषणांत ऐकलाय, आपला जिल्हा बघा, मुलींना मान देणारा जिल्हा, असं. मीही आधी काही वर्षं वर्गात हे अभिमानानं सांगितलंय. मग शेजारी दुसरा आकडा ठेवा, शून्य ते सहा वयाच्या मुलामुलींचा. साताऱ्यात ८९५. निसर्गतः जन्माला साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे येतात, आपल्या पद्धतीनं मोजलं तर हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली यायला पाहिजेत. ८९५ म्हणजे मुली कमी आहेत, आणि ९८८ म्हणजे कमावत्या वयाचे पुरुष कमी आहेत. दोन वेगळ्या गैरहजेऱ्या एकमेकींना झाकतात आणि बेरीज छान दिसते.

पुरुष कुठं गेले ते आमच्या पाटण तालुक्यात कुणाला विचारायला नको. माझे वडील माथाडी होते, आधी मस्जिद बंदर, मग मार्केट वाशीला गेलं तसे वाशीला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठं या माणसांच्या पाठीवरच्या ओझ्याला हिशोब आला. गिरण्या, बाजार, पोलीस, मिल्ट्री, पिढ्यानपिढ्या पुरुष बाहेर. त्यामुळं वीस ते चाळीसच्या वयात आमच्या गावाचा मनोरा डावीकडून कुणीतरी चावा घेतल्यासारखा. घाटाखाली रत्नागिरीत तर २०११ ला हजारामागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६, आणि मुंबई शहरात ८३२. ही बेरीज एकमेकांची आहे. रत्नागिरीचा ११२२ बघून कुणी म्हणालं की तिथं मुली जास्त जन्मतात तर ते चूक, तिथं शून्य ते सहाचा आकडा ९३६ आहे, चांगला आहे, पण ११२२ मधला मोठा वाटा मुंबईला गेलेल्या पुरुषांचाच. कतार आणि केरळ, मुंबई आणि रत्नागिरी, अशी जोडी लावून शिकवा, एका तासात समजतं.

मुली कुठं गेल्या हे मात्र अवघड आहे बोलायला. माझ्या आत्याचं नाव नकुसा. पाचवी मुलगी, आता बास म्हणून ठेवलेलं नाव. आमच्या लहानपणी त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, गावात आणखी दोघी होत्या. २०११ च्या ऑक्टोबरमधे साताऱ्यात कार्यक्रम झाला, जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींची नावं बदलून त्यांना दाखले दिले, तेव्हा ती बातमी परदेशातही छापून आली होती. आत्याचं वय गेलेलं, तिचं नाव कागदावर तेच राहिलं. पण नकुसा नाव ठेवलेली मुलगी निदान जन्माला तरी आली होती. सोनोग्राफी आल्यावर तेही गेलं. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा, तो अमलात आला १९९६ मधे, २००३ ला कडक केला, आणि तरी २०१७ च्या मार्चमधे सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. आकडे सांगताना मी पोरांना हे सांगते, कारण त्या मनोऱ्याच्या सगळ्यात खालच्या पट्टीची उजवी बाजू डावीपेक्षा जेवढी आखूड आहे तेवढा हा सगळा प्रकार आहे. निसर्गानंच मुलगे थोडे जास्त दिलेत तेवढं सोडून.

आता एक तुलना जी मला कुठल्या भाषणात ऐकायला मिळाली नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राचा शून्य ते सहाचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. त्याच दहा वर्षांत साताऱ्याचा ८७८ वरून ८९५, सांगलीचा ८५१ वरून ८६७, कोल्हापूरचा ८३९ वरून ८६३. हे तीनही जिल्हे आधीच खड्ड्यात होते हे खरं, सांगली-कोल्हापूर २०११ लाही राज्याच्या खालीच होते, पण राज्य उतरत असताना हे चढले. बीड मात्र २०११ ला ८०७ वर. आणि ९८८ चं काय? तो २००१ ला ९९५ होता, म्हणजे उतरला. भाषणात सांगायचा आकडा उतरला आणि काळजीचा आकडा सुधारला. एकच आकडा घेऊन बसणाऱ्याला हे दिसणारच नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण पण मी लावते, तिथं १९९० च्या सुमारास १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, नंतर पंधरा-वीस वर्षांत ते निसर्गाच्या आकड्यावर परत आलं. वेबसाईटवर कोरियाच्या खालच्या पट्ट्या बघा, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्यात. पट्ट्या फार आखूडही झाल्यात, पण तो वेगळा तास.

मनोरा स्वतः काढायचा असेल तर एक्सेलमधे असं करा. तीन कॉलम, वयोगट, पुरुष, स्त्रिया. टक्केवारी काढताना पुरुषांना पुरुषांच्या बेरजेनं भागू नका, दोन्हीला एकूण लोकसंख्येनं भागा, नाहीतर कतारचा पण सुंदर सारखा मनोरा येतो आणि जे दाखवायचं तेच गायब. मग पुरुषांच्या आकड्यांपुढं वजा चिन्ह लावा, आडवा बार चार्ट लावा, दोन्ही पट्ट्या एका ओळीत आणा, मधली फट शून्य करा. दोन जिल्हे शेजारी लावायचे असतील तर खालच्या अक्षाची मर्यादा दोन्हीकडं स्वतःच्या हातानं सारखी ठेवा, एक्सेल आपल्या मनानं ताणतं आणि मग बारीक मनोरा पण जाडा दिसतो. सगळ्यात वरचा ८० च्या पुढचा गट पाच वर्षांचा नसतो, उघडा असतो, म्हणून कधीकधी तिथं टोपी घातल्यासारखं दिसतं, पोरं विचारतात, आधीच सांगून ठेवा. हेही सांगा की वेबसाईटवरचा भारताचा आत्ताच्या वर्षाचा आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे, कारण आपली शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची कोरोनामुळं राहिली, आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणार आहे. २०५० आणि २१०० तर अंदाजावर अंदाज.

प्रिंटचा एक वाईट अनुभव आला. साताऱ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडं, नाव घेत नाही, मोठ्या कागदावर सहा मनोरे काढायला दिले, त्यानं कागदात बसावेत म्हणून प्रत्येक वेगळा ताणला. तुलना करायसाठी काढलेली चित्रं, सगळी वेगळ्या मापाची. आठशे रुपये गेले आणि परत काढावे लागले. पीडीएफ एकाच पानावर करून द्या, सुट्टी चित्रं देऊ नका.

शेवटचं काम आम्ही गावाचं केलं. गावपातळीला जनगणनेत एकूण स्त्री-पुरुष आणि शून्य ते सहा एवढाच वयाचा तपशील मिळतो, पाच-पाच वर्षांचे गट मिळत नाहीत, म्हणून पोरांनी माझ्या गावात घरोघर जाऊन मोजलं. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि मनोरा काढला तर चावा गायब! गावात तरणे पुरुष भरपूर. पोरं म्हणायला लागली मॅडम तुमचं खोटं निघालं. मग लक्षात आलं की सगळी मुंबई गावाला आलीय. जानेवारीत परत गेलो आणि प्रश्न बदलला, घरात कोण कोण आहे असं नाही तर गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस इथं कोण राहिलं. तेव्हा मनोरा बदलला, एवढा की दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर एका गावाचे आहेत हे खरं वाटेना. मोजताना कोणाला धरायचं हे आधी ठरवावं लागतं, हा धडा कुठल्याही वेबसाईटवर मिळाला नसता.

वयाचं वेगळंच. आधार कार्ड बघितलं तर अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. एका आजींना वय विचारलं तर म्हणाल्या, "आता काय सांगू बाय, साठ म्हन नायतर सत्तर म्हन, भूकंपात माझं थोरलं पोरगं काखंला हुतं." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आमच्या तालुक्यात त्यापेक्षा पक्का जन्मदाखला नाही. काखेतलं पोरगं म्हणजे वर्षाचं धरलं, पहिलं बाळंतपण साधारण अठराचं धरलं, म्हणजे आजी आज सत्तरीच्या बऱ्याच पुढं, पंच्याहत्तरच्या वरच्या पट्टीत. पोरांनी मग प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हेच विचारलं, भूकंपात केवढे होता, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, आणि वयं बरीच नीट लागली. वरच्या पट्ट्यांत बायकाच जास्त निघाल्या, एकेकट्या राहणाऱ्या, लेकरं मुंबईला आणि मालक गेलेले. मुलींनी ते बघून विचारलं की यांना दवाखान्यात कोण नेतं. मी ते ग्रामसभेत मांडायला सांगितलं, दोघीजणी कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आशाताईंनी तो कागद ठेवून घेतला.

तर वेबसाईट नक्की वापरा, प्रोजेक्टर नसला तर मोबाईलवर पण चालते, फक्त मोबाईलवर दोन देश एकावेळी दिसत नाहीत, दोन पोरांचे फोन शेजारी धरायचे. क्रम माझा असा, नायजर-जपान, मग कतार, मग मुंबई-रत्नागिरी, मग सातारा, आणि भारत सगळ्यात शेवटी. सातारा, सांगली, कोल्हापूरची एक्सेल फाईल मी तयार केलीय, अक्ष सारखे लावलेत, कुणाला हवी असेल तर सांगा, पाठवते. रत्नागिरीचं पान भरायचं राहिलंय, येत्या रविवारी पूर्ण करते.